लेकरू कुणाच्या कडेवर?

(सामुदायिक रेडिओवर आमच्या महिला मंडळानं केलेल्या बोलण्याचा मजकूर)

हातातलं काम उरकलं असेल तर जरा टेका, नसेल उरकलं तर काम करता करताच ऐका. आजचा विषय नवा नाही. गटाच्या बैठकीत हप्ता गोळा झाला, वही मिटली, की हा विषय हमखास निघतो. कुणाचं लेकरू आठ महिन्यांचं असतं, कुणाचं दीड वर्षाचं. ती विचारते, "अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय. जाऊ का घरीच राहू?"

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणते, "लेकरू लहान आहे तोवर घर सोडू नको, हे दिवस परत येत नसतात." दुसरी म्हणते, "आता घरी राहिलीस तर कायमचीच राहशील." दोघी तिच्या भल्याचंच बोलतात. पण एक गोष्ट विचारायची राहून जाते. तू कामावर असशील तेव्हा लेकरू कुणाच्या कडेवर असेल? नांदेड असो का लातूर, गावातल्या बाईचा सगळा निर्णय या एका प्रश्नावर अडतो किंवा सुटतो, असं आम्हाला वाटतं. म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलू.

त्याआधी एक शब्द बाजूला ठेवू. "ती काही करत नाही, घरीच बसते." बसते कधी, हे कुणी सांगावं! पाणी भरायचं, झाडलोट, सरपण, भाकरी, धुणं-भांडी, शेरडांना चारा, सासऱ्यांची औषधं, लेकराचं न्हाणं-माखणं. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर पाहणी केली आणि घरोघर विचारलं, दिवसाचा वेळ कशात जातो. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास त्यात जातात असं निघालं. पुरुषांत तेव्हा शंभरातले सव्वीसच जण असं काम करत होते, आणि जे करत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटं. लेकरं आणि आजारी-म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही, तो निराळा.

न्यायालयानंही हे मानलंय. अपघातात बाई दगावली की भरपाई ठरवताना "ती काही कमवत नव्हती" असं म्हटलं जायचं. जानेवारी २०२१ मध्ये अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामानं घराच्या उत्पन्नात भर पडते आणि त्याचं पैशातलं मोल धरावंच लागेल. तेव्हा जी लेकरासाठी घरी राहायचं ठरवते, ती बसून खाते असं कुणी म्हणू नये. आपण बायांनी तर मुळीच म्हणू नये.

आता कामावर जाणारीची बाजू बघू. ती का जाते? पहिलं कारण उघड आहे, पैसा. सोयाबीनचा भाव पडला, पावसानं दगा दिला, की घरात चार पैसे येणारी दुसरी वाट लागते. पण तेवढंच कारण नसतं. स्वतःच्या हातात पैसा असला की लेकराच्या तापाला औषध आणायला कुणाची परवानगी लागत नाही. गटाचा हप्ता भरायला हात पसरावा लागत नाही. शिवणकाम शिकलेली, बारावी शिकलेली बाई पाच वर्षं घरात राहिली की हातातली सवय जाते, ओळखी तुटतात. आणि काहीजणींना चार माणसांत जावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही.

घराबाहेरचं काम आपल्या मुलखाला नवं नाही. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला, माती वाहायला बाया गेल्याच होत्या. घरात म्हातारी आजी असेल तर तिला विचारा. लिंबाला झोळी बांधायची, त्यात लेकरू टाकायचं आणि टोपलं उचलायचं. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि धाराशिवच्या गावांत घरं पुन्हा उभी करताना गावातल्या बायाच संवाद सहायक म्हणून लोकांशी बोलल्या. तेव्हा बाई घराबाहेर जावी का, हा वाद आपल्याकडं कधीच मागं पडला. बाई जातेच आहे. लेकराची सोय मात्र झोळीच्या फारशी पुढं सरकलेली नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत अर्ध्या दिवसाचं काम म्हणजे काय काय असतं? आषाढ-श्रावणात सकाळचं खुरपण. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी. नांदेडकडं त्यानंतर कापसाची वेचणी. शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात चार-पाच तास उभं राहायचं. खासगी बालवाडीत शिकवायचं. घरी मशीनवर झंपर शिवायचे. गटातून निवड झाली तर बँक सखी, कृषी सखी, पशु सखी म्हणून फिरायचं. आशाताईचं कामही कागदावर स्वयंसेविकेचंच आहे. पगार नाही, मोबदला मिळतो. वेळ किती जातो ते मात्र आशाताईलाच ठाऊक.

यातली मेख अशी की अर्धं काम असलं की पैसा अर्धा मिळतो, पण घरचं काम अर्धं होत नाही. सकाळी आठ ते बारा खुरपायला जाणारी बाई पहाटे साडेचारला उठते, कारण भाकरी आणि पाणी आठच्या आत व्हायला हवं. बाराला येते ती धुण्याला लागते. म्हणजे चार तासांच्या मजुरीसाठी तिचा दिवस आधीही ताणला जातो आणि नंतरही. कामाला अर्धवेळ म्हणतात, पण बाई दीड दिवस राबते. म्हणून काम घेण्याआधी दोन हिशेब करावेत, एक रुपयांचा आणि एक तासांचा.

रुपयांचा हिशेब असा. उदाहरण म्हणून धरा, दुकानात अर्ध्या दिवसाचे महिन्याला साडेचार हजार मिळतात. जीपला जाऊन-येऊन रोजचे चाळीस, पंचवीस दिवसांचे झाले हजार. लेकराला वरचं दूध, बिस्किटाचा पुडा, सांभाळणाऱ्या बाईला काही द्यायचं, त्याचे धरा बाराशे. उरले तेवीसशे. आता हे तेवीसशे कुणाच्या हातात येणार आणि कशाला लागणार, हे आधी ठरवा. लेकराच्या नावानं, गटाच्या हप्त्याला, शिलाई मशीनला लागणार असतील तर त्यांचं मोल मोठं आहे. परस्पर पान-तंबाखूला आणि उधारीला जाणार असतील, तर आपण कुणासाठी राबतोय, हे घरात बसून एकदा बोलावं.

तासांच्या हिशेबात पैसा मोजायचा नाही. एका कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंतची कामं ओळीनं लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला लिहायला सांगा. मग एकेका कामापुढं दोन नावं घाला, आज कोण करतं आणि मी कामाला लागल्यावर कोण करेल. दुसऱ्या रकान्यात सगळीकडं तुमचंच नाव आलं, तर काम घ्यायच्या आधी घरात बोलणं करावं लागेल.

आणि त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे लेकराची. लेकरू कोण घेणार? आपल्याकडं याला साधारण चार उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर, सासूबाई. हे चांगलं उत्तर आहे, त्या धडधाकट असतील आणि त्यांना मनापासून हवं असेल तर. पण त्याही जन्मभर राबल्यात. गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसतं. रांगतं लेकरू चुलीकडं, पाण्याच्या हौदाकडं धाव घेतं, त्याच्यामागं त्या पळू शकतील का? त्यांना विचारा. गृहीत धरू नका.

दुसरं उत्तर, सोबत घेऊन जाते. बांधावर झाडाला झोळी. पावसाळ्यात चिखल, विंचू-काटा, फवारणीचं औषध. उन्हाळ्यात आपल्याकडचं ऊन. रानात औषध मारलेलं असेल त्या दिवशी लेकरू तिथं नेऊच नये, हे आम्ही ठासून सांगतो.

तिसरं उत्तर, अंगणवाडी. त्याच्याबद्दल पुढं बोलू.

चौथं उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात कमी आवाजात दिलं जातं. "थोरली आहे ना, ती बघते."

थोरली म्हणजे कोण? नऊ-दहा वर्षांची, चौथी-पाचवीतली पोर. सुरुवात दोन दिवसांनी होते. काढणी आहे, दोनच दिवस शाळा बुडव. दोनाचे आठ होतात. मग गणित मागं पडतं, बाई वर्गात रागावतात, पोरीलाच शाळेत जावंसं वाटत नाही. मग आपण म्हणतो, "तिला शिक्षणाची गोडीच नाही." गोडी नव्हती असं नाही, तिच्या कडेवर लेकरू होतं. आपल्यातल्याच ज्या बाया आज वहीवर अंगठा लावतात त्यांना विचारा, शाळा कशी सुटली. "धाकटा भाऊ झाला, माय रोजानं जायची, त्याला कोण घेणार," असं सांगणाऱ्या कितीतरी निघतील.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. आई कामाला गेली आणि थोरली घरी राहिली, तर त्या घरात आईचं काम सुरू झालं असं म्हणता येत नाही. तिथं लेकीची शाळा बंद झालेली असते. आईला मिळणाऱ्या चार पैशांची खरी किंमत ती पोर भरत असते, आणि पुढं वीस वर्षं भरत राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक लेकराला शाळेचा हक्क दिलाय. तो आपल्या उंबऱ्याच्या आतही लागू आहे. यावर कुणी म्हणेल, मग आम्ही उपाशी राहायचं का? नाही. उपाशी राहायचं नाही आणि पोरीला शाळेतून काढायचंही नाही. दोन्ही होऊ शकतं, कारण हा प्रश्न सुटलेला आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच सुटलाय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं तुम्ही ऐकली असतील. १९४५ साली त्यांनी आत्ताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला गावातल्या लहान लेकरांचं शिक्षण सुरू केलं आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. तिथं आदिवासी मजुरांची वस्ती. आईबाप दिवसभर कामावर. थोरली लेकरं शाळेत येत नसत, कारण धाकटी त्यांच्या गळ्यात असत. या दोघींनी पोरांना दोष दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरलं शाळेत. लेकरं वाडीवर येत नाहीत तर वाडीच लेकरांच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पनाही ताराबाईंची. आज देशभर अंगणवाडी म्हणतात, तो शब्द आपल्या मराठीतला आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हेच लिहिलं गेलं. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत जाता यावं आणि गरीब कष्टकरी बायांना आधार व्हावा, म्हणून दिवसभराचे सांभाळ केंद्र हवेत. म्हणजे पाळणाघर हे शहरातल्या साहेबिणींचं लाड नाही. ते खेड्यातल्या पोरींच्या शाळेसाठी मागितलं गेलेलं आहे.

आता अंगणवाडीकडं येऊ. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तीन ते सहा वर्षांची लेकरं अंगणवाडीत जाऊन बसतात, शिकतात, खातात. त्या तासांपुरता आईचा हात मोकळा होतो. पण सहा महिने ते तीन वर्षं या वयाच्या लेकरासाठी बहुतेक ठिकाणी घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. आणि नेमकं त्याच वयात लेकरू रांगतं, पडतं, तोंडात काहीही घालतं. आईला कामाची निकड असते ती बहुधा त्याच काळात. आपली खरी अडचण या अडीच वर्षांची आहे. ही ओळखली म्हणजे "घर का काम" हा मोठा डोंगर एवढा मोठा राहत नाही. जन्माचा निर्णय घ्यायचा नसतो, अडीच वर्षांची सोय लावायची असते.

या काळात लेकराला काय हवं, तेही नीट बघू. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. तोवर शक्य असेल तिनं काम घेऊ नये, आणि घरच्यांनी तिला तशी मोकळीक द्यावी. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये टप्प्याटप्प्यानं मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी, बाईला विसावा मिळावा, म्हणून ते पैसे आहेत. ते बाळंतिणीच्याच उपयोगी पडावेत. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करायचं, पण दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही अंगावरचं दूध चालू ठेवता येतं. चार तासांचं काम असेल तर जाताना पाजायचं, आल्याबरोबर पाजायचं. मधे वाटी-चमच्यानं मऊ वरणभात, नाचणीची खीर. बाटली टाळावी, ती नीट उकळून निघत नाही आणि जुलाब लागतात. म्हणजे कामावर जाणारी आई दूध तोडते, असं मानायचं कारण नाही. काम घराजवळ असणं आणि तास कमी असणं, हे मात्र त्यासाठी गरजेचं आहे.

तर मग ही अडीच वर्षं काढायची कशी? आपल्याकडं सावड होती. एकाकडं एक बैल, दुसऱ्याकडं एक. दोघं मिळून औत धरायचे, आज तुझं रान, उद्या माझं. लेकरांची सावड का करू नये? समजा गल्लीतल्या पाच बायांची लेकरं या वयाची आहेत. रोज पाळीनं एकजण घरी राहील आणि पाचही लेकरं सांभाळेल, चौघी कामाला जातील. पाच दिवसांत प्रत्येकीची एक मजुरी बुडेल, चार मिळतील. थोरल्या पोरी शाळेत जातील.

ही सावड करायची तर नियम हवेत. पाळीवाल्या बाईसोबत गावातली एखादी वडीलधारी बाई हवीच, एकटीनं पाच लेकरं नाहीत. अशा बाईला खुरपण होत नाही, पण मांडीवर लेकरू झोपवणं छान जमतं. चौघींनी तिला रोज थोडे पैसे द्यावेत, तिचाही हात चालतो. जागा अशी निवडा की जवळ उघडी विहीर, हौद, पेटती चूल, औषधाचे डबे नसतील. दाराला कडी हवी. पाणी झाकलेलं. ताप-जुलाब असलेलं लेकरू त्या दिवशी आपल्याच आईजवळ राहील. भिंतीवर सगळ्या आई-बापांचे आणि आशाताईंचे नंबर मोठ्या अक्षरात. आणि वेळ पाळायची. बाराला येते म्हणाली तर बारालाच यायचं, नाहीतर सावड चार दिवसांत मोडते.

पण सावड ही आपली सोय झाली, ती सरकारची जबाबदारी पुसून टाकत नाही. लेकरं सांभाळणं हे काम आहे आणि त्याला मजुरी द्यावी लागते, हे कायद्यानं एकदा लिहून दिलेलं आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद केली गेली की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पाळणा' नावाची योजना आहे. तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं आणि सहा महिन्यांपासूनची लेकरं तिथं ठेवता येतात. आपल्या गावाला ते मिळावं म्हणून मागावं लागेल. कुठं मागायचं? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथं. ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकांसाठी खर्च करायचा असतो. तो यंदा कशावर खर्च झाला हे विचारा, आणि पाळणाघराचा ठराव लेखी मांडा. एकटीनं विचारलं तर "बघू" म्हणतात. तीस बाया बसल्या तर इतिवृत्तात लिहावं लागतं.

दुकानात, डाळ मिलमध्ये, खासगी शाळेत पगारावर काम करणाऱ्या मैत्रिणींनी एवढं लक्षात ठेवावं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील आणि बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत तुम्ही ऐंशी दिवस काम केलं असेल, तर पहिल्या दोन लेकरांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. परत कामावर आल्यावर लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोनदा जास्तीची सुट्टी आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय करायची आहे. मालकाला हे माहीत नसतं असं नाही, आपल्याला माहीत नसतं म्हणून चालून जातं.

आता, ज्या मैत्रिणी हिशेब करून घरीच राहायचं ठरवतील, त्यांच्यासाठी. तुमचा निर्णय पक्का आहे, त्याची लाज बाळगू नका. पण तीन गोष्टी सोडू नका. गटाचा हप्ता बंद करू नका, थोडा कमी करून घ्या. गटानंही अशा बाईला वगळू नये. लेकरू मांडीवर घेऊन बैठकीला आली तर तिला पुढं बसवावं. दुसरं, बँकेतलं खातं चालू ठेवा, पासबुक आणि कार्ड स्वतःजवळ ठेवा. तिसरं, घराच्या उताऱ्यावर किंवा सातबारावर आपलं नाव लागेल का, याची ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडं चौकशी करा. दोन-तीन वर्षं लेकरासाठी घरी राहणं हे घरासाठी केलेलं काम आहे, तर घराच्या कागदावर त्या बाईचं नाव असायला काय हरकत आहे?

आणि शेवटी कारभाऱ्यांना दोन शब्द, कारण रेडिओ तेही ऐकतात. बापाच्या कडेवर लेकरू दिसलं की पारावर हसतात. हसू द्या. दुपारचे दोन तास लेकरू घेतल्यानं कुणाची मिशी खाली येत नाही. बाईच्या मजुरीतून घराला खत-बियाणं चालतं, तर तिच्या चार तासांची राखण घरानं करायला हवी. बापानं लेकरू खेळवलं तर त्याला फायदाही होतो. लेकरू त्याच्याजवळ रडत नाही, आणि म्हातारपणी विचारपूसही करतं.

तर मैत्रिणींनो, काम घ्यायचं का घरी राहायचं, हे तुमच्या घरचं दुसरं कुणी ठरवू शकत नाही, आम्हीही नाही. एकाच बाईचं उत्तर आषाढात एक आणि चैत्रात दुसरं असू शकतं, पहिल्या लेकरावेळी एक आणि दुसऱ्यावेळी निराळं. आमची विनंती एवढीच की येत्या बैठकीत हप्ता झाल्यावर वही लगेच मिटू नका. आपल्या गल्लीत सहा महिने ते तीन वर्षांची लेकरं किती, ती मोजा. त्यांच्यासाठी किती थोरल्या पोरींची शाळा बुडते, तीही नावं मोजा. आणि सावडीला तयार असलेल्या बायांनी हात वर करा. ही तीन कामं एका बैठकीत होतात. मोजून झालं की तोच कागद महिला सभेत न्या.

पुढच्या बोलण्यात आपण पावसाळ्यातल्या लेकरांच्या जुलाबांवर बोलू.